लिहिण्याच्या खोलीतली हवा, उजेड आणि गोंगाट: कोणती उपकरणं कामाची, कोणती नुसती जागा अडवणारी

लेखन अडलं की पहिला आळ हवेवर येतो. मळभ दाटलंय, उकडतंय, पावसाची झड थांबत नाही, गारठ्याने बोटं आखडलीत. यातलं थोडं खरं असतं, बरंचसं नसतं. १९८३ साली मानसशास्त्रातला एक प्रयोग गाजला होता. लोकांना फोन करून 'आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?' असं विचारलं, तर उन्हाच्या दिवशी उत्तरं जास्त समाधानाची आली आणि पावसाळी दिवशी कमी. पण फोन करणाऱ्याने आधी सहज 'तिकडे हवा कशी आहे?' एवढं विचारलं की हा फरक नाहीसा झाला. मरगळ कशाने आली हे लक्षात आलं की माणूस ती हिशोबातून वगळतो. पुढे लाखो लोकांच्या पाहणीत तर हवामानाचा असा परिणाम जवळपास दिसलाच नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका जपानी बँकेतली टेबलावरची कामं पावसाच्या दिवशी उलट जास्त भराभर उरकलेली आढळली. बाहेर जावंसं वाटायला काही नव्हतं, हे त्याचं कारण.

तेव्हा आभाळाला माफ करावं. लेखनाला जाच होतो तो खोलीत शिरलेल्या हवामानाचा: सादळलेला कागद, कोंदलेली हवा, पडद्यावरची चकाकी, शेजारच्या खोलीतलं बोलणं. या प्रत्येकावर बाजारात उपाय विकायला आहे. खाली त्यांचा समाचार घेतला आहे. प्रत्येक वस्तूला तीनच कसोट्या लावल्या आहेत. ती सांगते ते खरं असतं का, त्याने लिहिण्यात फरक पडतो का, आणि ती स्वतः नवीन कटकट उभी करते का.

आर्द्रतामापक: सगळ्यांत आधी हा

तळहाताएवढा, तापमान आणि सापेक्ष आर्द्रता दाखवणारा डिजिटल मापक ही या यादीतली सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी वस्तू. काट्याचे, गोल तबकडीचे मापक दिसायला देखणे असतात, पण त्यांतल्या स्वस्तांची स्प्रिंग अडकते आणि काटा वर्षभर एकाच आकड्यावर ध्यान लावून बसतो. डिजिटल घ्यावा. बऱ्या मापकात चूक दोन-तीन टक्क्यांची असते, स्वस्तात पाचाची. लेखकाच्या कामाला पाच टक्केही चालतील, फक्त चूक किती आणि कोणत्या बाजूला हे माहीत हवं.

ते घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यावं आणि त्यात ओल्या वाळूसारखं होईल एवढेच पाण्याचे थेंब टाकावेत. पाणी वर तरंगायला लागलं तर ते जास्त झालं. झाकण आणि मापक एकमेकांना न चिकटता एका हवाबंद पिशवीत ठेवून आठ ते बारा तास हात लावू नये. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक ७१ दाखवत असेल तर त्याच्या पाठीला '+४' लिहिलेली चिठ्ठी चिकटवली की काम झालं. पिशवी मध्येच उघडून डोकावलं तर पुन्हा सुरुवातीपासून वाट पाहावी लागते.

मापक कुठे ठेवायचा यातच बहुतेकांचं चुकतं. खिडकीच्या कठड्यावर, बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा लॅपटॉपची गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे ठेवला तर तो त्या कोपऱ्याची हवा सांगेल, खोलीची नाही. बसल्यावर छातीच्या उंचीला, भिंतीपासून वीतभर दूर ही जागा ठीक. जागा बदलल्यावर वीसेक मिनिटं आकडा मनावर घेऊ नये.

४० ते ६० टक्के म्हणजे निश्चिंत. ६५–७० च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर पुस्तकांच्या कण्यावर बुरशी आणि कपाटात कसर आलीच समजा. ३० च्या खाली डोळे चुरचुरतात, कागदाला कागद स्थिर विजेने चिकटतो. थंडीत खोली तापवली की आर्द्रता कशी कोसळते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. बाहेर ५ अंश आणि ८० टक्के असलेली हवा आत घेऊन २२ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता २६ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच असतं, हवेची ते सामावण्याची ताकद वाढलेली असते.

याचीच उलटी बाजू लॅपटॉपच्या जिवावर उठते. ३० अंश आणि ८० टक्के अशा हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. वातानुकूलित खोलीतून २० अंशांना थंड झालेलं यंत्र अशा हवेत उघडलं की त्याच्या धातूवर दव धरतं. बाहेर दिसतं तेवढंच आतही. यंत्र बॅगेतच ठेवून अर्धा-पाऊण तास थांबावं. बॅगेबाहेर काढून पुसत बसण्याचा उपयोग नाही, कारण थंड असेपर्यंत ते पुन्हा पुन्हा ओलं होतच राहतं.

कागद सादळतो तेव्हा

कागदाचे तंतू ओल पितात आणि फुगतात, पण लांबीत कमी, जाडीत जास्त. म्हणून कागद एका दिशेला ताणला जातो आणि दुसरीकडे फारसा नाही, आणि त्यातून लाटा उठतात. ज्या वहीत तंतूंची दिशा शिवणीला समांतर असते ती दमट दिवसांतही सपाट उघडते. आडव्या तंतूंची वही शिवणीजवळ पापडासारखी वाकते. विकत घेण्याआधी एक पान हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहावं. ज्या दिशेला ते कमी विरोध करतं, त्या वळणाला समांतर तंतू असतात. दुकानदार विचित्र नजरेने पाहील, पाहू दे.

सादळलेल्या कागदावर शाई फुटते, पलीकडे उमटते आणि वाळायला वेळ लावते. प्रिंटरमध्ये पानं एकमेकांना चिकटून दोन-दोन ओढली जातात. लेझर प्रिंटरमध्ये तर आतल्या उष्णतेने पानातल्या ओलीची वाफ होते, पान गुंडाळून बाहेर येतं आणि टोनर नीट बसत नाही. प्रिंटरला शिव्या देण्याआधी कागद बघावा. रीमचं वेष्टन ओल रोखणारं असतं. लागतील तेवढीच पानं काढून तोंड चिकटपट्टीने बंद करायचं. गठ्ठा रात्रभर ट्रेमध्ये ठेवायचा नाही.

इथेच सिलिका जेलच्या पुड्यांबद्दल एक हिशोब मांडायला हवा, कारण त्या 'पुस्तकांच्या संरक्षणासाठी' म्हणून सर्रास खपवल्या जातात. ८० ग्रॅम जाडीच्या ए-फोर कागदाची एक रीम अडीच किलोची. दोन रीमा किंवा तेवढ्याच वजनाची हस्तलिखितं दमट हवेत राहिली तर त्यांच्या वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी त्यांच्यात असतं. साधारण कोरड्या खोलीत सहा टक्के. म्हणजे पाच किलो कागद कोरडा करायला दीडशे ते दोनशे ग्रॅम पाणी बाहेर काढावं लागेल. सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाएवढं पाणी धरतं. पाच ग्रॅमच्या पुडीच्या वाट्याला दोन ग्रॅमही येत नाही. डब्यात अशा चार पुड्या टाकून निर्धास्त होणं म्हणजे पूर ओसरावा म्हणून टीपकागद पसरणं. आधी कोरड्या दिवशी, खेळत्या हवेत कागद मोकळा करून सुकू द्यावा, मगच हवाबंद डब्यात भरावा आणि मग जेल टाकावं. तिथे ते कामाचं आहे, कारण झाकण उघडताना शिरणारी थोडी ओल ते टिपतं. जेल नारिंगी रंग बदलणारं घ्यावं. निळ्या जातीत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळलेलं बरं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

मोठा ओलावाशोषक, म्हणजे डीह्युमिडिफायर, खोलीभर काम करतो, पण त्याचं दुखणं विक्रेता सांगत नाही. एक लिटर पाणी हवेतून काढताना सुमारे ०.६८ युनिट एवढी उष्णता खोलीत सुटते, आणि यंत्राची स्वतःची वीज वेगळी. २०० वॅटचं यंत्र तासाला ३०० मिलिलिटर पाणी काढत असेल तर खोलीला ते ४०० वॅटच्या हीटरएवढं तापवतं. उकाड्यात त्याच्या शेजारी बसून लिहिणं म्हणजे शिक्षाच. खोली रिकामी असताना दारं-खिडक्या लावून चालवावं आणि लिहायला बसण्याआधी बंद करून खोली मोकळी करावी. खोक्यावरचा 'रोज इतके लिटर' हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के अशा अनुकूल हवेतला असतो. सौम्य हवेत त्याच्या निम्मंही मिळत नाही. काँप्रेसरची जात १५ अंशांच्या खाली गारठते, तिच्या नळ्यांवर बर्फ धरतं. थंड प्रदेशात शोषक चाकाची, म्हणजे ओल पिणारं फिरतं चाक असलेली जात घ्यावी. आणि टेबलावर ठेवायची ती गोंडस छोटी पेल्टियर यंत्रं, म्हणजे काँप्रेसरऐवजी विजेने गार होणाऱ्या चकतीवर चालणारी? दिवसाला कपभर पाणी. कपाटाच्या एका कप्प्याला पुरतील, खोलीला नाहीत.

कार्बन डायऑक्साइड मापक: चांगला, पण त्याच्या नावावर खपणारे सगळे नाहीत

दुपारी तीनच्या सुमाराला डोकं जड होतं आणि वाक्यं लांबत जातात, त्याला दर वेळी जेवण जबाबदार नसतं. टेबलाशी बसलेला माणूस तासाला अठराएक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. खोली ठार बंद असेल तर दर तासाला ६४० पीपीएमची, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६४० भागांची भर पडते. बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास असतात. फटींतून हवा तासाला एकदा पूर्ण बदलत असेल तर आकडा १०५० वर स्थिरावतो. तीन तासांतून एकदाच बदलत असेल तर २३०० पर्यंत चढतो. बहुतेक भिंतीवरचे एसी बाहेरची हवा आत आणतच नाहीत, आतलीच फिरवून थंड करतात. गार वाटणारी खोली ताजी असेलच असं नाही. थंडीत, उन्हाळ्यात आणि जोराच्या पावसात आपण खिडक्या लावून घेतो. हवामान लेखनावर घाला घालतं ते बहुतेक वेळा या वाटेने.

याने विचारशक्ती किती मंदावते यावर एकमत नाही. २०१२ मध्ये २२ जणांवर झालेल्या एका प्रयोगात ६०० च्या तुलनेत १००० पीपीएमला निर्णय घेण्याच्या चाचण्यांत घसरण दिसली, २५०० ला मोठी घसरण. २०१८ मध्ये पाणबुडीतल्या लोकांवर तशाच चाचण्या १५,००० पीपीएमपर्यंत नेऊन झाल्या, तेव्हा काहीच फरक दिसला नाही. म्हणून हा आकडा 'विषारी हवा' म्हणून वाचू नये, 'शिळी हवा' म्हणून वाचावा. तो चढतो तेव्हा उष्णता, घाम, वास आणि ओलही साठलेली असते, फक्त ती मोजायला अवघड आणि हा सोपा.

विकत घेताना आत संवेदक कोणता आहे एवढंच पाहायचं. अवरक्त प्रकाशाने मोजणारा, म्हणजे एनडीआयआर, किंवा फोटोअकूस्टिक, म्हणजे प्रकाशाने वायूत उठणारा सूक्ष्म नाद ऐकून मोजणारा असेल तर खरा. अनेक स्वस्त मापक प्रत्यक्षात हवेतल्या सेंद्रिय वाफा मोजतात आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधून तोच आकडा म्हणून दाखवतात. ओळखायची युक्ती सोपी: शेजारी थोडं अत्तर किंवा हात निर्जंतुक करायचं अल्कोहोल उघडं धरा. आकडा उसळला तर मापक परत करा. खरा मापक अत्तराला भीक घालत नाही, पण समोर दोन फुंकरा मारल्या की हजारांनी चढतो आणि उघड्या हवेत वीस मिनिटांत चारशेवीस-साडेचारशेवर येतो.

लॅटव्हियात बनणारा अरानेट४ हा या जातीतला नावाजलेला मापक. अवरक्त संवेदक, ई-इंकचा म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा पडदा, पेन्सिल सेलची जोडी. १००० पर्यंत हिरवा, १४०० पर्यंत पिवळा, पुढे लाल. लेखकाच्या टेबलासाठी त्याचा मोठा गुण म्हणजे पडदा उजळत नाही, लुकलुकत नाही. भोंगा मुकाट करून ठेवावा. परिच्छेदाच्या मध्यावर वाजणारं यंत्र हवेपेक्षा जास्त नुकसान करतं. दर मिनिटाला मोजायला लावण्यात अर्थ नाही, पाच किंवा दहा मिनिटांचं अंतर ठेवलं की सेल पुष्कळ टिकतात.

बऱ्याच मापकांत आपोआप शून्य जुळवण्याची सोय असते आणि तिचा एक सापळा आहे. आठवडाभरातलं सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं धरून मापक स्वतःला बेतून घेतो. खोली आठवडाभर उघडलीच नाही आणि आकडा ७०० च्या खाली गेलाच नाही, तर त्याच ७०० ला तो हळूहळू ४०० समजायला लागतो. खोली जितकी कोंदट, तितका मापक खोटं आश्वासन देणार. महिन्यातून एकदा त्याला गॅलरीत तासभर ठेवावं, किंवा ही सोय बंद करून हाताने जुळवणी करावी.

आकडा १२०० च्या वर गेला की समोरासमोरची दोन तोंडं, खिडकी आणि दार, दहा मिनिटं पूर्ण उघडावीत. एकच खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा याने काम लवकर होतं आणि गारठ्यात भिंती थंड पडत नाहीत. पाऊस खिडकीच्या बाजूने झोडपत असेल तर दुसऱ्या खोलीतून हवा घ्यावी. दोन आठवडे वहीच्या समासात आकडा आणि त्या तासात जमलेले शब्द लिहून पाहावेत. काहीच संबंध दिसला नाही तर मापक दुसऱ्याला देऊन टाकावा, सगळ्यांनाच त्याची गरज नसते.

पंखा

याबद्दल थोडक्यात. २००६ मध्ये चोवीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यानुसार कचेरीतलं काम २२ अंशांच्या आसपास सर्वांत चांगलं होतं आणि ३० अंशांना सुमारे नऊ टक्क्यांनी घटतं. उष्ण हवेत वाढलेल्यांचा आकडा थोडा वर सरकेल. अंगावर सेकंदाला ०.८ मीटर वेगाने वारा आला तर साधारण तीन अंशांचा दिलासा मिळतो, म्हणजे एसीचं पुष्कळसं काम उभा पंखा करतो. तोंडासमोर ठेवू नये, डोळे कोरडे पडतात. खांद्यामागून, लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने, कंबरेच्या उंचीला ठेवावा म्हणजे कागदही उडत नाहीत. हवा ३५ अंशांच्या पुढे गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. मग कपडे किंवा मान ओली केली तरच त्याचा उपयोग. बहुतेक लॅपटॉपचीही मर्यादा हीच, ३५ अंश. पुढे ते स्वतःचा वेग उतरवतात आणि आतला पंखा घोंघावू लागतो.

उजेड

मळभ असलेल्या दिवसाची सगळे तक्रार करतात, पण पडद्यावर लिहिणाऱ्याला तो उजेड सर्वांत चांगला. सावली नाही, चकाकी नाही, तासागणिक सरकणारा कवडसा नाही. बाहेर ढगाळ हवेतही दहा हजार लक्सपर्यंत प्रकाश असतो (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप), लख्ख उन्हात लाखभर. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत आलं की काहीशेच उरतात, आणि पावसाची सर आली की तेही जातात. त्या वेळी माणूस दिवा लावत नाही, पुढे वाकतो. मानदुखी तिथून सुरू होते.

लिहिण्या-वाचण्यासाठी कागदावर ५०० लक्स हे युरोपीय मानक आहे. दिवा निवडताना वॅट बघून उपयोग नाही. रंग ओळखण्याचा निर्देशांक, सीआरआय, ९० च्या वर हवा. रंगछटा बदलता येत असेल तर दिवसा ४००० केल्विन, रात्री २७०० ठेवावी; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. दांडा लांब हवा, कारण अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, डावखुऱ्याने उजवीकडे. उजेड कमी केल्यावर काही दिवे डोळ्याला न दिसणारी लुकलुक करतात आणि तासाभराने कपाळ ठणकतं. फोनच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने, दिवा चित्रित करून पाहावा. पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा घेऊ नये. टेबल खिडकीला काटकोनात. पाठीमागे खिडकी असली तर पडद्यावर आभाळ दिसतं, समोर असली तर डोळे सतत जुळवून घेत राहतात.

पडद्याच्या माथ्यावर बसणारे लांबट दिवे नुसत्या टंकलेखनाला छान आहेत, उजेड कळफलकावर पडतो आणि काचेवर नाही. शेजारी वही ठेवून लिहिणाऱ्याला मात्र ते अपुरे पडतात.

लांब, अंधाऱ्या हिवाळ्याच्या प्रदेशांत १०,००० लक्सचे उपचारदिवे विकले जातात. हंगामी नैराश्याचं वर्णन १९८४ साली झालं, तेव्हापासून हा उपचार चालत आला आहे. सकाळी उठल्यावर साधारण अर्धा तास, डोळे उघडे ठेवून, पण दिव्याकडे न रोखता बसायचं. ग्यानबाची मेख अशी की १०,००० हा आकडा कुठल्या अंतरावरचा ते खोक्यावर बारीक अक्षरात असतं. टॅब्लेटएवढे दिवे तो वीतभर अंतरावरच देतात, आणि तेवढ्या जवळ बसून कुणी लिहू शकत नाही. तीस ते चाळीस सेंटिमीटरवर हा आकडा देणारा मोठा दिवा घ्यावा आणि त्यात अतिनील किरण गाळलेले असावेत. डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा द्विध्रुवी विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. वर्षभर भरपूर ऊन असलेल्या ठिकाणी याची गरज नाही, तिथे सकाळची फेरी पुरते.

गोंगाट रोखणारे हेडफोन आणि त्यांचे गरीब नातेवाईक

या यादीतली सर्वांत जास्त गाजावाजा झालेली वस्तू. आवाज रद्द करणारे हेडफोन बाहेरचा नाद मायक्रोफोनने ऐकून त्याची उलटी लहर कानात सोडतात. हे जमतं ते संथ, जाड, सलग नादांबाबत, साधारण १००० हर्ट्झच्या खालच्या. एसी, पंखा, इंजिन, दूरची रहदारी, पावसाचा सलग घोष हे सगळं नाहीसं होतं. पत्र्यावर टपटपणारे मोठे थेंब, भांड्यांचा आवाज, हॉर्न आणि माणसांची व्यंजनं मात्र निसटतात. आणि मागचा घोष गेल्यामुळे उरलेलं बोलणं आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. विकत घेतल्यावर पहिल्या आठवड्यात होणारा भ्रमनिरास हाच.

लेखकाचा खरा वैरी बोलणं आहे. शब्द मनात धरून ठेवण्याच्या कामात शेजारचं बोलणं अडथळा आणतं, ते न कळणाऱ्या भाषेत असलं तरीही. हे १९७० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यामुळे 'इंग्रजी गाणी चालतात, मराठी नाही' हा समज अर्धवटच. गाण्यात शब्द असले की ते वाक्याशी झगडणार. २०१२ मधल्या एका अभ्यासात ७० डेसिबलचा मध्यम गलबला ५० डेसिबलपेक्षा कल्पकतेला पोषक ठरला आणि ८५ ला फायदा ओसरला. कॅफेत लिहिणारे तो हमखास सांगतात. पण तिथली कामं नवी जुळणी सुचण्याची होती, मुद्रितं तपासण्याची नव्हती. पहिल्या खर्ड्याला गलबला चालेल, दुसऱ्या हाताला शांतता हवी.

बोलणं दाबायचं तर दोन थर लागतात. हेडफोनच्या गाद्यांनी कानाभोवती हवा पूर्ण अडवली पाहिजे. चष्म्याची जाड काडी गादीखाली फट पाडते आणि खालचे नाद आत शिरतात. पातळ काडीचा चष्मा हा त्यावर सोपा उपाय. त्यावर हलका, सलग घोष लावावा. पांढऱ्या घोषात (व्हाइट नॉइज, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराने मिसळलेली खरखर) वरचे सूर टोचतात. गुलाबी घोष दर सप्तकाला ३ डेसिबलने उतरतो, तपकिरी ६ ने. तासन्‌तास ऐकायला गुलाबी किंवा तपकिरी बरा. शेजारचं बोलणं अस्पष्ट झालं की तिथेच थांबावं, त्याहून मोठा आवाज कानाला फुकटचा त्रास.

पावसाचा आवाज वाजवणारी ॲप वाईट नाहीत, बरीचशी आळशी आहेत. वीस-तीस सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, आणि एकदा तो विशिष्ट थेंब ओळखीचा झाला की लेखन सोडून कान त्याचीच वाट पाहतो. किमान तासाभराचं सलग ध्वनिमुद्रण शोधावं, विजेच्या कडकडाटाशिवायचं. बेडूक असलेलं तर मुळीच नको.

उकाड्यात आणि दमट हवेत बंद हेडफोन तासाभरात घाम काढतात. ओलीने गादीवरचं कृत्रिम चामडं विरतं आणि दोन-तीन वर्षांत काळे पापुद्रे गालाला चिकटू लागतात. गादी बदलता येते का हे घेण्याआधी विचारावं, कापडी गादी मिळत असेल तर ती घ्यावी. अशा हवेसाठी फोमचे साधे कानातले बोळे हाच आमच्या मते योग्य पर्याय. वेष्टनावरची ३०–३३ डेसिबलची रोखशक्ती प्रयोगशाळेतली असते, ती मिळते नीट बसवल्यावरच. बोळा बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, विरुद्ध हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून वीस-तीस सेकंद धरून ठेवायचा. गारठ्यात फोम सावकाश फुगतो, तेव्हा आणखी थोडं थांबावं. आरशात बोळ्याचं टोक कानाबाहेर ठळक दिसत असेल तर तो बसलेलाच नाही.

हाताने लिहिणाऱ्यांसाठी

फाउंटनपेन उष्णतेत ओकतं, याचं कारण शाई नसते, आतली हवा असते. दहा अंशांनी तापमान वाढलं की हवा सुमारे साडेतीन टक्के फुगते. मोठ्या टाकीच्या, ड्रॉपरने भरायच्या पेनात तीन मिलिलिटर हवा असेल तर ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोन थेंब, शाई बाहेर ढकलली जाते. तेवढ्याने पान खराब होतं. गरम दिवसांत पेन पूर्ण भरलेलं ठेवावं, खिशात निब वर, आणि मुठीत घट्ट धरून तापवू नये. कोरड्या हवेत उलटी अडचण: टोपण दोन मिनिटं उघडं राहिलं की निब सुकते. रंगद्रव्याच्या, न पुसल्या जाणाऱ्या शाया त्यात सर्वांत वाईट, कारण त्या वाळल्या की नुसत्या पाण्याने निघत नाहीत. दमट दिवसांसाठी बारीक निब आणि कोरडी वाहणारी शाई, कोरड्या दिवसांसाठी त्याच्या उलट.

गारठ्यात बॉलपेनची शाई घट्ट होते. फिशरच्या स्पेस पेनमधली नळी नायट्रोजनच्या दाबाखाली असते. उणे ३५ ते १२० अंशांपर्यंत चालतं असा कंपनीचा दावा आहे, आणि १९६८ च्या अपोलो ७ पासून ते अवकाशात गेलेलं आहे. टेबलावर मात्र त्याची रेघ साध्या बॉलपेनपेक्षा विशेष नाही, आणि छोटं मॉडेल टोपण मागे न लावता लांब लिहायला बोटांना आखूड पडतं.

पावसात, धुक्यात उभं राहून टिपणं घेणाऱ्यांसाठी राइट इन द रेन या अमेरिकी कंपनीच्या वह्या आहेत. १९१६ पासूनचा धंदा, आणि कागदावरचा लेप खरोखर पाणी झटकतो. पण त्यावर जेल किंवा फाउंटनपेन चालवू नये. पाण्यावर बनलेली शाई कागदात मुरतच नाही, मोत्यांसारखी वर बसते आणि हात लागला की पान बरबटतं. दाबाची नळी असलेलं बॉलपेन चालतं, पण ओल्या पानावर सर्वांत बिनबोभाट चालते ती साधी शिसपेन्सिल. एचबी ओल्या कागदावर किंचित फिकी उमटते, तेव्हा टूबी घ्यावी आणि शार्पनर झाकणाचा, कारण ओला भुसा वहीत चिकटला की तो पानांमध्ये डाग धरतो.